ताप राखणे

योएनसूच्या त्या सकाळी पारा उणे एकवीसवर.
बसमधून उतरलो, तर पापण्या एकमेकींना चिकटत होत्या
आणि कानटोपीवर हेल्मेट बसता बसेना.
आम्ही अकरा जण. बारावा, टूरे, झोपून राहिला.
राइया बाईंनी आम्हाला मोजलं, पुन्हा मोजलं,
फाटकावरच्या पहारेकऱ्यानं नावं लिहून घेतली,
याह्येचं तीनदा खोडून.

वर्गात काँक्रीट म्हणजे भिंतीवरचा तक्ता:
सिमेंट, वाळू, खडी, पाणी,
आणि परीक्षेत हमखास येणारे अठ्ठावीस दिवस.
इथं ते पांघरूण घेऊन निजलेलं.
स्लॅबवर जाड गोधड्या, गोधड्यांवर बर्फ,
पोटात तापत्या तारा,
आणि बाहेर डोकावणाऱ्या सळयांना
कुणीतरी लाल टोप्या घातलेल्या.

ऊर्मास शटरिंगचा सुतार. एस्टोनियाचा.
दाढीत बर्फाचे मणी, डाव्या हाताला साडेचार बोटं.
मला म्हणाला, मोजा काढ. हात लाव.
लावला.
फळी कोमट होती,
आजारी माणसाच्या कपाळासारखी.
मी हात काढलाच नाही थोडा वेळ.

"पोराला ताप आला तर आपण उतरवतो," तो म्हणाला,
फिनिश शब्द विटांसारखे सुटे सुटे ठेवत,
"याचा राखायचा. तीन रात्री.
उतरला की गेला."

वर, क्रेनच्या काचेच्या खोलीत सिनिक्का.
दिसली नाही, फक्त वॉकीटॉकीवर आवाज:
त्या पिवळ्या जाकिटांना माझ्या सावलीतून हलवा.
आम्ही हललो. याह्ये मान वर करून बघत राहिला,
मग आम्ही त्यालाही हलवलं.

उत्तरेच्या कोपऱ्यात दोन माणसं
एक खांब फोडत होती.
नवाकोरा खांब. परवाचा.
ब्रेकर लागताच तो शिळ्या भाकरीसारखा चुरत होता.
एक ढेकूळ मी उचललं.
आत पानं उमटलेली,
शिरांसकट, देठासकट, अगदी नेच्याची पानं,
काँक्रीटमधल्या पाण्याचं
रात्रीतून बर्फ होताना राहिलेली.
इतकं सुंदर काही मी त्या इमारतीत दुसरं पाहिलं नाही
आणि ते कचऱ्याच्या डब्यात चाललं होतं.

राइया बाईंनी विचारलं, तक्त्यापुढे विचारतात तशा:
"काय चुकलं असेल?"
आम्ही भराभरा बोललो. मिश्रण. पाणी जास्त.
सिमेंट जुनं. मीच म्हणालो, मजूर नवे असतील.

ब्रेकर थांबला.
ऊर्मासनं खिशातून तंबाखूची डबी काढली,
उघडली नाही, परत ठेवली.
"तारेचा प्लग," तो म्हणाला.
"पहाटे तीनला बघायचा असतो.
पाळी माझी होती. डोळा लागला."

कुणी काही बोललं नाही.
मुकादम आपल्या बुटांकडे बघत होता.
बाईंनी वही मिटली.
चौतीस वर्षं या कामात घालवलेला माणूस
अकरा पोरांसमोर
आपल्या खांबाजवळ उभा होता
आणि ओळंब्यात होता.

मग त्यानंच हात झाडले, म्हणाला,
चला, कॉफी गार होईल.
पत्र्याच्या खोलीत दालचिनीचे पाव होते.
सतरा वर्षांच्या पोरांनी खावेत तसे
आम्ही ते खाल्ले.

परतीच्या बसमध्ये फॉर्म आले:
भेटीतून काय शिकलात? किमान पाच मुद्दे.
शेजारच्या याह्येनं सुरक्षेचे चार झटक्यात लिहिले
आणि पाचव्यात क्रेनचं चित्र काढलं.
मी तारांचं अंतर लिहिलं, फळीची जाडी लिहिली,
काचेवर नखानं नेच्याचं एक पान काढलं,
तेवढ्यात आमचं गाव आलं.

त्या रात्री मला आपोआप जाग आली.
घड्याळात तीनला दोन मिनिटं होती.
उठलो, अंधारात चाचपडत
रेडिएटरला हात लावला.